सर्दी आणि ओठावरचा जर: घरभर पसरू नये म्हणून काय करायचं, आणि केव्हा

घरात एकाला सर्दी झाली की आठवड्याभरात बाकीचेही नाक पुसत बसतात आणि दोष हवेला दिला जातो. ओठावर जर उठला, काही घरांत म्हणतात तसा ‘ताप फुटला’, की दोष उष्णतेला. मग आंबा बंद आणि सब्जा सुरू. ही दोन्ही विषाणूंची कामं आहेत आणि दोन्ही विषाणू माणसाकडूनच माणसाकडे येतात.

लोक काळजी घेत नाहीत असं नाही. घेतात, पण उशिरा आणि भलत्या जागी. सर्दीच्या सहाव्या दिवशी खोकल्याचा आवाज ऐकून आजाऱ्याचं ताट-वाटी वेगळं काढतात. पहिल्या दिवशी घसा नुसता खवखवत असताना तोच माणूस नातवाचं नाक पुसत असतो. जराचंही तसंच. खपली धरल्यावर लाजेने तोंडाला रुमाल लावायचा, आणि ओठ चुणचुणत होता त्या दिवशी भाचीचे पापे घ्यायचे. पुढचा क्रम याच चुका डोळ्यासमोर ठेवून लावला आहे.

## टप्पा १: नेमकं काय झालंय ते ओळखा

सर्दी बहुधा घशापासून सुरू होते. घसा खवखवतो, शिंका येतात, नाक पाण्यासारखं गळतं. दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट, पिवळट किंवा हिरवट होतो. हा रंग सर्दीच्या नेहमीच्या वाटचालीचा भाग आहे. तेवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नका, विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. अचानक कडक ताप भरला, अंग मोडून आलं, उठून बसवेना, तर फ्लूचा विचार करा. ताप अजिबात नाही, डोळे आणि नाक खाजतंय आणि दर वर्षी त्याच दिवसांत हे होतं, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. ॲलर्जी कुणाकडून कुणाला लागत नाही.

जर ओळखायची खूण म्हणजे ओठाच्या कडेला, बहुधा एकाच बाजूला, आधी चुणचुण किंवा आग होते. दिवसाभरात तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो. फोड फुटतात, जागा ओली राहते, मग खपली धरते. सगळं मिळून सात ते दहा दिवस, कधी दोन आठवडे.

गल्लत होते ती दोन गोष्टींशी. ‘तोंड येतं’ तेव्हा गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरट व्रण पडतात. ते दुखतात, पण लागत नाहीत. ओठांचे कोपरे फाटतात तो प्रकारही वेगळा. त्यात चिरा पडतात, फोडांचा पुंजका नसतो.

लक्ष द्या: लहान मुलाला ताप, लाल सुजलेल्या हिरड्या, तोंडभर व्रण आणि सतत लाळ असेल, पाणीही नको म्हणत असेल, तर ‘तोंड आलंय’ म्हणून मध लावत बसू नका. जराच्या विषाणूची पहिली लागण अशीही दिसते. पाणी पोटात न गेल्यामुळे मूल लवकर सुकतं, त्यामुळे डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

## टप्पा २: दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत हे समजून घ्या

हा टप्पा लोक गाळतात आणि मग दोन्ही आजारांना एकच नियम लावतात.

सर्दी आणणारे विषाणू अनेक आहेत. त्यांतला सर्वांत मोठा वाटा रायनोव्हायरसचा, आणि त्याचेच १६० हून अधिक प्रकार आहेत. म्हणून सर्दीवर लस नाही आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलाला सहा-आठदा सर्दी होणं नेहमीचंच आहे. हा विषाणू अंगात शिरतो तो मुख्यतः नाकातून आणि डोळ्यांतून. आजाऱ्याच्या शिंकेतले थेंब, बंद खोलीतली हवा आणि हात या त्याच्या वाटा. हाताची वाट फसवी असते. आजारी माणूस नाक पुसतो, नळाची तोटी धरतो. तुम्ही तीच तोटी धरता आणि मिनिटाभरात डोळा चोळता. तेवढं पुरतं.

जर येतो हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ या विषाणूमुळे. तो पसरतो लाळेतून आणि थेट स्पर्शातून: पापा, एकच पेला, एकच लिप बाम. एकदा शिरला की तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर पडून राहतो आणि ताप, ऊन, जागरण, ताण, मासिक पाळी असं निमित्त झालं की ओठावर परत येतो. तेव्हा ‘कडक उन्हात फिरलो आणि जर उठला’ हे खोटं नाही. फक्त विषाणू आधीपासून आत होता, बहुतेकांच्या बाबतीत लहानपणापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांमध्ये तो आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. त्यामुळे कुणाला जर उठला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

आपल्याकडे उष्टं न खाण्याची आणि बाटली ओठाला न लावता वरून पाणी पिण्याची सवय आहे. जराच्या बाबतीत ती फार कामाची. सर्दीत तिचा उपयोग बेताचा, कारण तिथला खरा धोका हात, नाक आणि हवा यांचा. ताट वेगळं केलं पण टॉवेल तोच ठेवला, तर केलेल्या खटाटोपाचा फारसा फायदा नाही.

## टप्पा ३: तयारी, कुणी आजारी नसताना

आजारी पडल्यावर सामान गोळा करायला गेलात तर पहिले दोन दिवस हातचे जातात. एवढं आधीच घरात हवं:

- प्रत्येकाचा हात-तोंड पुसायचा वेगळा नॅपकिन, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या खिळ्याला
- बेसिनपाशी साबण. वडी चालते, पण खालची जाळी अशी हवी की पाणी निथळेल
- टिश्यू, किंवा जुन्या सुती साडीचे हातरुमालाएवढे कापलेले पंधरा-वीस तुकडे
- झाकणाची कचरापेटी, आजाऱ्याच्या हाताशी
- थर्मामीटर आणि चार-सहा मास्क
- पुसण्यासाठी हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचं साधं द्रवरूप ब्लीच

घरात कुणाला वारंवार जर येत असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ॲसिक्लोव्हिरचं मलम आणून ठेवा. कारण टप्पा ६ मध्ये येईल.

तपासा: बेसिनवरच्या एकाच पेल्यात सगळ्यांचे ब्रश एकमेकांना टेकून उभे आहेत का? असतील तर आजच वेगळे करा.

## टप्पा ४: सर्दीचे पहिले तीन दिवस

लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात आणि विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो लक्षणांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. पुढे खोकला रेंगाळला, मुलांमध्ये तर तो दोन आठवडेही चालतो, तरी माणूस तितका संसर्गजन्य उरलेला नसतो. म्हणून सगळा जोर इथे लावायचा. घसा खवखवला की त्याच संध्याकाळी हा क्रम सुरू करा, ‘उद्या बघू’ नको.

पहिलं, नाकाचं काम एका जागी बांधा. शिंक आली, नाक शिंकरलं, की टिश्यू किंवा कापडाचा तुकडा एकदा वापरायचा. टिश्यू झाकणाच्या पेटीत, कापड वेगळ्या बादलीत. खिशातला रुमाल मला इथे अजिबात पसंत नाही. सकाळी नाक पुसलेला ओलसर रुमाल घडी करून खिशात, दुपारी त्यानेच घाम टिपायचा आणि संध्याकाळी त्याच खिशातून सुटे पैसे काढून भाजीवाल्याच्या हातावर ठेवायचे. हातात काही नसेल तर कोपराच्या वळणात शिंका, तळहातावर नको.

पदर आणि ओढणीचंही असंच होतं. थोरल्याचं गळकं नाक आई पदराच्या टोकाने पुसते आणि पाच मिनिटांनी मांडीवरच्या धाकट्याचं तोंड त्याच टोकाने टिपते. तिची काही चूक नाही, हाताशी तेच असतं. म्हणून सुती तुकड्यांचा गठ्ठा स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात आणि मुलांच्या अंथरुणाशी, असा तीन ठिकाणी ठेवा. लांब ठेवलेला गठ्ठा वापरला जात नाही.

दुसरं, हवा खेळती ठेवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार उघडं ठेवा. बहुतेक घरगुती एसी खोलीतलीच हवा फिरवतात, बाहेरची आणत नाहीत. पावसाळ्यात झड येते म्हणून सगळं बंद करून चौघं एका खोलीत बसतात, तेव्हा सर्दीला आयती संधी मिळते. भिजल्याने विषाणू तयार होत नाही, तो कुणाकडून तरी यावाच लागतो. निदान जेवताना आणि झोपताना खिडकी उघडी राहील असं बघा.

तिसरं, अंतर आणि मास्क. शक्य असेल तर आजाऱ्याने वेगळ्या खोलीत झोपावं. वन-आरके किंवा चाळीतल्या खोलीत ते जमत नाही, तेव्हा निदान उशा विरुद्ध दिशांना करा: एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. मास्क आजाऱ्याने लावायचा, नाकावर. हनुवटीवर लोंबणाऱ्या मास्कचा उपयोग शून्य.

चौथं, स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे द्या. नाहीच जमलं तर मास्क लावून आणि साबणाने हात धुऊन. निदान कणीक मळणं आणि मुलांना भरवणं ही दोन कामं तीन दिवस दुसऱ्याने करावीत.

लक्ष द्या: वाफेने सर्दीचा विषाणू मरत नाही. नाक मोकळं वाटतं एवढंच. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर टॉवेल पांघरून बसवू नका, पातेलं कलंडून भाजल्याच्या घटना होतात. घरात आधीच्या आजारातली खोकल्याची बाटली उरली असेल तर तीही मुलाला देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीचं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलेला आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

## टप्पा ५: हात आणि वस्तू

हात धुण्यात वीस सेकंद ही मोजायची गोष्ट आहे, कारण बहुतेकांचं पाच सेकंदांत उरकतं. आधी हात ओले करा, साबण लावा, मग नळ बंद करून चोळा: तळहात, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात आणि नाकाडोळ्याला तीच लागतात. मग धुऊन स्वतःच्याच नॅपकिनला पुसा.

सॅनिटायझरवर फार भिस्त ठेवू नका. कोविडच्या काळात ती सवय लागली आणि कोविडचा, फ्लूचा किंवा जराचा विषाणू त्याने मरतोही, कारण त्यांना बाहेरून चरबीचं आवरण असतं. रायनोव्हायरसला ते आवरण नाही, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावरचा परिणाम तितका भरवशाचा नाही. साबण आणि वाहतं पाणी त्याला हातावरून धुऊन काढतं. प्रवासात काहीच नसेल तेव्हा सॅनिटायझर, घरी साबण.

हात केव्हा धुवायचे? नाक शिंकरल्यावर, आजारी मुलाला हाताळल्यावर, बाहेरून आल्यावर आणि जेवणाआधी. लोकलच्या दांड्याला धरून आलेला माणूस घरात शिरताच चष्मा काढून डोळे चोळतो. आधी बेसिन, मग डोळे.

आता वस्तू. आजारपणात लोक फरशी फिनाईलने दोनदा पुसतात. फरशीला कुणी नाक लावत नाही. पुसायच्या जागा वेगळ्या: नळाची तोटी, दाराची कडी, फ्रिजचं हँडल, विजेची बटणं, टीव्हीचा रिमोट, मोबाइल. कडक गुळगुळीत पृष्ठभागावर रायनोव्हायरस काही तास, कधी दिवसभरही तग धरतो. लिटरभर पाण्यात सुमारे २० मिली, म्हणजे चार लहान चमचे, पाच-सहा टक्क्यांचं ब्लीच घालून फडक्याने पुसा, मिनिटभर ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. द्रावण रोज ताजं करा. मोबाइल आणि रिमोट यांना ब्लीच नको. ते बंद करून जेमतेम ओलसर साबणी फडक्याने पुसा.

लक्ष द्या: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा दुसरा कुठलाही क्लीनर मिसळू नका. ॲसिडबरोबर त्यातून क्लोरीन वायू निघतो. काम करताना खिडकी उघडी हवी.

तपासा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेसिनपाशी उभं राहून बघा. किती जणांनी आपलाच नॅपकिन वापरला? गडबड असेल तर नॅपकिनवर पेनाने नाव घाला.

## टप्पा ६: जर उठतोय असं वाटलं की

घड्याळ सुरू होतं ते चुणचुण जाणवल्या क्षणी, फोड दिसल्यावर नव्हे. त्या क्षणापासून खपली पडून खालची कातडी साफ होईपर्यंत हे पाळायचं.

१. पापे बंद. जोडीदाराचे, मुलांचे, सगळ्यांचे. मुखमैथुनही बंद, कारण हाच विषाणू जननेंद्रियांवर जाऊ शकतो आणि तिथेही मुक्काम करतो.

२. पेला, चमचा, बाटली, लिपस्टिक, लिप बाम, दाढीचं सामान वेगळं. फोड असलेल्या जागेवरून वस्तरा फिरवू नका, विषाणू आजूबाजूच्या कातडीत पसरतो.

३. मलम लावायचं तर आत्ता. ॲसिक्लोव्हिरचं मलम पहिल्या चुणचुणीला सुरू केलं तर थोडा फायदा होतो. साधारण दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. खपली धरल्यावर लावलेलं मलम जवळजवळ वाया जातं. वर्षातून बऱ्याच वेळा जर येत असेल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

४. मलम घासू नका, टिपून लावा. लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवा. बोटाला चीर असेल तर विषाणू बोटात शिरतो आणि नखाजवळ फार दुखणारे फोड येतात. डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून या दिवसांत कॉन्टॅक्ट लेन्स लावताना थुंकीने ओली करण्याचा प्रकार तर कटाक्षाने टाळा.

५. फोड फोडू नका, खपली ओढू नका. फोड फुटून जागा ओली असते तेव्हा विषाणू सर्वांत जास्त असतो. टूथपेस्ट, लसूण, चुना यांनी कातडी भाजते आणि जखम लांबते. साधं पेट्रोलियम जेली कापसाच्या काडीने लावा, डबीत बोट घालू नका.

तालमीत जाणाऱ्यांनी खपली पूर्ण सुकेपर्यंत कुस्ती धरू नये. कुस्तीत कातडीला कातडी घासते आणि पैलवानांच्या मानेवर, चेहऱ्यावर, हातांवर याच विषाणूचे फोड पसरणं वैद्यकाला चांगलं परिचित आहे. जोर-बैठका चालतील.

फोड नसतानाही लाळेतून थोडाफार विषाणू अधूनमधून बाहेर पडत असतो. त्यामुळे धोका शून्यावर आणता येत नाही. फोडांच्या दिवसांत तो सर्वांत जास्त असतो, आणि तेच दिवस आपल्या हातात आहेत.

## टप्पा ७: घरात तान्हं बाळ असेल तर

इथे मी सैल बोलणार नाही. नवजात बाळाला, विशेषतः पहिल्या महिन्यात, हर्पीसची लागण झाली तर विषाणू यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि बाळ दगावू शकतं. साध्या सर्दीनेही तान्ह्या बाळाची दमछाक होते, कारण ते मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही.

आणि नेमकं बाराव्या दिवशी बारसं. बाळ पंचवीस हातांतून जातं आणि प्रत्येक आत्या-मावशी पापा घेते. नियम आधीच ठरवून सगळ्यांना कळवा: बाळाचा पापा कुणीच घ्यायचा नाही, बाळाला हातात घ्यायच्या आधी हात धुवायचे, आणि ज्याला सर्दी किंवा जर आहे त्याने बाळाला हातातच घ्यायचं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी बाळाच्या आजीने लिहिलं तर कुणाला राग येत नाही. सुनेने ऐनवेळी सांगितलं तर येतो. तेव्हा हे काम आजीकडेच द्या.

आईलाच जर उठला असेल तर स्तनपान चालू ठेवता येतं, फक्त स्तनावर फोड नसावेत. मास्क लावा, हात धुवा, पापे घेऊ नका. स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने पाजू नका आणि लगेच डॉक्टरांना विचारा.

लक्ष द्या: महिन्याच्या आतलं बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा आणि घरात कुणाला जर आहे का ते डॉक्टरांना आपणहून सांगा. फोड नसले तरी सांगा.

## टप्पा ८: डॉक्टरकडे कधी, कामावर परत कधी

मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पोट वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका, निघा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तरी तसंच.

मोठ्यांनी धाप लागली, तीन दिवसांनंतरही ताप उतरला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा एकदम बिघडलं, तर दाखवावं. दमा असलेल्यांनी सर्दीच्या पहिल्या दिवसापासून इनहेलर हाताशी ठेवावा, रायनोव्हायरस दम्याचा झटका आणू शकतो. जराच्या बाबतीत डोळा लाल होऊन दुखणं, दोन आठवड्यांत जखम न भरणं, इसबाच्या जागी फोड पसरणं, किंवा केमोथेरपीसारख्या उपचारांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.

कामावर किंवा शाळेत परत जायला निदान चोवीस तास औषधाशिवाय ताप नसावा आणि नाकाची धार कमी झालेली असावी. नुसता रेंगाळलेला खोकला असेल तर मास्क लावून जायला हरकत नाही. मुलाला पाळणाघरात सोडताना सर्दी लपवू नका. तिथल्या ताई खेळणी वेगळी ठेवू शकतात, पण त्यांना माहीत असेल तर.

शेवटी उरलेल्या सामानाचं. सर्दीनंतर ब्रश फेकायची गरज नाही, नुकताच येऊन गेलेला विषाणू लगेच तुम्हालाच परत सर्दी देत नाही. कापडाचे तुकडे आणि नॅपकिन गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. जराच्या दिवसांत ओठावर फिरवलेली लिपस्टिक आणि लिप बाम मात्र टाकून द्या, महागातली असली तरी.